आजोबांना पुढे जाऊ द्या

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. त्यामुळे दिवाळीचा फराळ संपला की पहाटेच्या रस्त्यांवर लालबुंद चेहरे दिसू लागतात. धाप लागलेली, नजर मनगटावर. विचारा, आज काय विशेष? उत्तर येतं, ‘काही नाही, आज इझी रन.’

तेही दोन हप्त्यांत.

पळताना सलग वाक्य बोलता आलं, तर ते पळणं सोपं. शब्द तुटू लागले, की नाही. व्यायामशास्त्राची ही कसोटी फुकट आहे, म्हणूनच ती कुणाला पटत नाही. त्यापेक्षा महागडं घड्याळ बरं! ते बऱ्याचदा 220 मधून वय वजा करून तुमच्या हृदयाची कमाल मर्यादा ठरवतं. हा आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकतो. पण रंगीत दिसतो ना!

स्टीफन सायलर हे मूळचे अमेरिकी, नॉर्वेत स्थायिक झालेले संशोधक. स्कीइंग, रोइंग, धावणं अशा दमसासाच्या खेळांतले अव्वल खेळाडू सराव कसा करतात, हे त्यांनी तपासलं. दहापैकी साधारण आठ सत्रं निवांत आणि उरलेली जीव काढणारी. म्हणजे ऑलिंपिकवाले बहुतेक दिवस रमतगमत, आणि ऑफिसातून घरी येऊन लॅपटॉप उघडणारे आपण रोज रणांगणावर.

केनियाचा धावपटू एल्युड किपचोगे याने 2022 मध्ये बर्लिनची मॅरेथॉन 2 तास 1 मिनिट 9 सेकंदांत संपवली. किलोमीटरला तीन मिनिटंसुद्धा नाहीत. पण त्याच्यासारख्या केनियन धावपटूंच्या सोप्या धावेची सुरुवात इतकी सावकाश असते, की आपल्या सोसायटीचा ग्रुप त्यांना गाठेल.

आणि लगेच स्क्रीनशॉट टाकेल.

हळू पळून होतं काय? हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं. यातलं काहीच फोटोत येत नाही, ही खरी अडचण.

सायलर यांचाच 2007 चा प्रयोग पाहा. कसलेले खेळाडू सोप्या वेगाने दोन तास पळाले, तरी त्यांची मज्जासंस्था काही मिनिटांत ताळ्यावर आली. सोपेपणाची रेषा ओलांडली की मात्र उशीर. मध्यम जोर लावला काय किंवा भरपूर लावला काय, उशीर जवळपास सारखाच! आपण सगळे नेमके त्या मधल्या पट्ट्यात पळतो. बिल पंचतारांकित, जेवण वडापाव.

‘पण नॉर्वेचे धावपटू इंगेब्रिग्टसेन बंधू तर मधल्याच पट्ट्यात भरपूर पळतात!’ पळतात की. बोट टोचून रक्तातलं लॅक्टेट (जोर वाढला की वाढणारं रसायन) मोजत पळतात, वेग आवरता यावा म्हणून. आपण टोचून घेतो ते दुसऱ्याचा वेग ॲपवर पाहून.

एक सूट आहे. आठवड्यातून तीनच दिवस पळणाऱ्याने आठास दोनचा हिशेब फार ताणू नये. त्याला उरलेल्या चार दिवसांत सावरायला वेळ मिळतो. रोज जोर लावून पळणाऱ्याने मात्र गुडघेदुखीचा दोष बुटांवर ढकलू नये.

आठवड्यातले एक-दोन दिवस जीव तोडून पळा. बाकीच्या दिवशी पांढऱ्या टोपीतले आजोबा मागून येऊन पुढे गेले, तर जाऊ द्या.