मेडिकलमध्ये कोलेस्टेरॉल तपासून घेताना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सप्टेंबर संपत आला की औषधांच्या दुकानांबाहेर लाल हृदय छापलेले फ्लेक्स लागतात. २५ तारखेला फार्मासिस्ट दिन आणि २९ला जागतिक हृदय दिन, म्हणजे एकाच आठवड्यात दोन्ही उरकायची सोय. फ्लेक्सवर ‘मोफत कोलेस्टेरॉल तपासणी’ असं लिहिलेलं दिसलं की आपली वेळ आली असं समजावं. तपासणीची.

तयारी आदल्या रात्रीपासून करायची. वर्षभर चहाबरोबर खारी आणि संध्याकाळी वडापाव चालू असला तरी त्या एका रात्री मुगाची खिचडी खावी, बिनतुपाची. एका रात्रीच्या सात्त्विकपणाने एलडीएल, म्हणजे वाईट म्हणवणारं कोलेस्टेरॉल, हलत नाही, पण घरच्यांना बरं वाटतं. मग उपाशीपोटी जायचं की खाऊन, यावर वाद होईल. पहिल्या चाचपणीसाठी उपाशी राहायलाच हवं असं नाही, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ साली सांगून ठेवलंय. खाल्ल्यावर वाढतं ते मुख्यतः ट्रायग्लिसराइड. तरीही उपाशीच जा. त्याशिवाय रक्त तपासल्यासारखं वाटत नाही, आणि येताना मिसळ खायला सबळ कारण मिळतं.

दुकानात रांग एकच असते. खोकल्याचं औषध, डायपर, डोळ्यांचे थेंब आणि तुमचं हृदय, सगळे एकामागोमाग. कोपऱ्यातल्या टेबलाशी कंपनीने पाठवलेला मुलगा मशीन घेऊन बसलेला असतो. त्याच्यासमोरच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसा आणि मधलं बोट पुढे करा. तो स्पिरिटचा बोळा फिरवेल. ते वाळेपर्यंत थांबायचं असतं, घाई करायला लावू नका. सुई बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचतात, तिथे कमी दुखतं. ‘टक्’ असा आवाज येतो, आणि ओरडायचं ठरवेपर्यंत काम झालेलं असतं. पहिला थेंब त्याने कापसाने पुसून टाकला तर “अहो, वाया घालवलंत!” म्हणू नका, स्ट्रिपला दुसराच थेंब हवा असतो. रक्त नीट येत नाही म्हणून तो बोट लिंबासारखं पिळायला लागला, तर मात्र हात खुशाल मागे घ्या. पिळलं की पेशींच्या आसपासचं पाणी थेंबात उतरतं आणि आकडा चुकतो. कोमट पाण्याने हात धुऊन, दंड खाली सोडून पुन्हा या. मागचा माणूस घड्याळ बघेल, बघू दे.

आता मुख्य कार्यक्रम. मुलगा मशीनकडे बघतो आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, “दोनशे अठ्ठावीस!”

इथे नवशिके गोंधळतात. दोन पर्याय आहेत. एक, चेहरा पाडून घरी जाणे आणि सुनेने भाजीत तेल किती घातलं याची चौकशी लावणे. दुसरा, रांगेतल्या शेजाऱ्याला “तुमचं किती?” विचारणे. त्याचं दोनशे चाळीस निघालं तर मिळणारं समाधान कुठल्याच गोळीत नाही. तिसराही पर्याय आहे, तो सहसा कुणी वापरत नाही: हा आकडा नेमका कशाचा आहे ते विचारणे.

बऱ्याच छोट्या मशीन फक्त एकूण कोलेस्टेरॉल सांगतात. ते २००च्या खाली असलं तर बरं, हे खरं. पण त्या बेरजेत चांगलं म्हणवणारं एचडीएलही असतं. एखाद्या बाईंचं एकूण २२० आणि त्यात एचडीएल ८० असेल, आणि शेजारच्या गृहस्थांचं एकूण १९० पण एचडीएल ३०, तर मिठाई कुणी वाटायची? गृहस्थ वाटतात. पुरुषांत ४०च्या आणि बायकांत ५०च्या खालचं एचडीएल कमी धरतात, हे त्या मशीनने त्यांना सांगितलेलं नसतं. म्हणून आकडा चढा आला तर लॅबमध्ये पूर्ण लिपिड प्रोफाइल करायचं, आणि उतरता आला तरी पेढे जपून वाटायचे.

शिवाय हृदय एकट्या कोलेस्टेरॉलचं ऐकत नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून ५,२०९ माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, त्यातून कोलेस्टेरॉलच्या जोडीला रक्तदाब आणि सिगारेटही ठळकपणे पुढे आली. आपल्याकडे मधुमेह, कमरेचा घेर आणि वडिलांना कितव्या वर्षी झटका आला होता, हेही विचारायला हवं. स्टुलावर यातलं काहीच विचारत नाहीत. तेवढा वेळ कंपनीने दिलेला नसतो.

तपासणीसोबत एक रंगीत पत्रक मिळतं. ते वाचून तेलाचा नवा डबा आणायची घाई करू नका. ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ असं ज्यावर छापलेलं असतं त्या शेंगदाणा तेलात कोलेस्टेरॉल कधी नव्हतंच. ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं. खोबरेल तेलातही ते नसतं, पण संपृक्त मेद भरपूर असतो, आणि एलडीएल वाढवायला तो पुरतो.

आता खरी पायरी, जी फ्लेक्सवर नसते. काउंटरच्या मागे पांढऱ्या कोटातला फार्मासिस्ट उभा असतो. त्याच्याकडे अशी माहिती असते जी कुठल्याच लॅबकडे नाही: तुम्ही कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं मागचं पान कधी नेलं होतंत.

“मावशी, तीस गोळ्या नेल्या होत्यात. दोन महिने व्हायला आले.”

“अरे, रिपोर्ट नॉर्मल आला ना! म्हणून आता एक दिवसाआड घेते.”

“गोळी चालू होती म्हणून नॉर्मल आला.”

एवढं एक वाक्य तो बोलला, तर त्या दिवशी दुकानात झालेल्या सगळ्या टोचाटोचीपेक्षा जास्त काम झालं असं आमचं मत आहे. अडचण अशी की मावशींच्या मागे सहा जण सुटे पैसे घेऊन उभे असतात, आणि त्यांच्यासमोर कुणाला आपल्या गोळ्यांचा हिशेब द्यायचा नसतो. म्हणून शिबिराच्या दिवशी त्याला गाठू नका. भरदुपारी जा, बाजूला घ्या आणि विचारा. ही गोळी रात्रीच घ्यायची का? (एटोर्वास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन दिवसात केव्हाही चालते, वेळ मात्र रोज एकच ठेवावी, साधी सिम्व्हास्टॅटिन रात्री.) पोटऱ्या दुखतात, बंद करू का? (परस्पर नाही, डॉक्टरांना सांगून.) पुन्हा रक्त कधी तपासायचं? (गोळी सुरू केल्यापासून चार ते बारा आठवड्यांत.) चिठ्ठीशिवाय गोळी मात्र मागू नका. या स्टॅटिन गोळ्या शेड्यूल एचमध्ये येतात, आणि ‘शेजारच्यांना चालते’ ही चिठ्ठी होत नाही.

जाताना गोळ्यांचं पान सोबत न्या. ‘ती पांढरी, छोटी’ एवढ्या वर्णनावर कुठल्याही फार्मासिस्टला गोळी ओळखता येत नाही, मग तो कितीही वर्षांच्या ओळखीचा असो.