क्लिपरकाका

तालुक्याच्या पतसंस्थेत चेअरमन बदलतो, मॅनेजर बदलतो, क्लिपरकाका बदलत नाहीत. नव्वदच्या सुमारास त्यांनी क्लिपर भाषेत लिहिलेला प्रोग्राम त्यांच्याशिवाय कुणालाच वळत नाही, हीच त्यांची पेन्शन. क्लिपर काढणारी नँटकेट कंपनी १९९२ साली विकली गेली. काकांनी ही बातमी अजून मनावर घेतलेली नाही.

काकांना आकडा विचारू नये. नव्या मॅनेजरने विचारला.

"काका, एकूण सभासद किती?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "रेकॉर्ड की की?"

मॅनेजरला वाटलं, काका अडखळले.

"अहो, फाइलीतले रेकॉर्ड मोजू की इंडेक्समधल्या की? फाइल म्हणजे आवक रजिस्टर, आला तसा लिहिला. इंडेक्स म्हणजे त्याच्यावरून लावलेली यादी. रेककाउंट म्हटलं की फाइलीतले सगळे येतात, फुली मारलेलेसुद्धा. ऑर्डकीकाउंट म्हटलं की इंडेक्समध्ये बसलेत तेवढेच. आणि फुलीवाले नकोत अशी अट घालून इंडेक्स केला असेल, तर ते त्यात शिरतच नाहीत."

"पण फुलीवाले म्हणजे डिलीट केलेले ना? मग गेले की ते!"

"कुठे जातात? डिलीट म्हणजे नुसती खूण. पॅक करेपर्यंत माणूस जागच्या जागी असतो. रिकॉल म्हटलं की उठून उभा."

"मग पॅक करून टाका."

"घाई काय आहे?" काका म्हणाले, आणि चष्मा खाली घेतला.

त्यांच्या हाताखालच्या पोराने मात्र एकदा घाई केली. वार्षिक सभेच्या नोटिसा काढायला त्याने आडनावावर इंडेक्स केला आणि वर हौसेने 'युनिक' लिहिलं. युनिकचा कायदा कडक: एका नावाची पहिली की आत, बाकीच्या बाहेर. फाइलीत ६१२ सभासद, इंडेक्समध्ये ४३. निम्मं गाव पाटलांचं; नोटीस गेली एकाच पाटलाला, आणि तो पाटील चेअरमन नव्हता. सभा चेअरमनशिवाय झाली आणि पहिल्यांदाच वेळेत संपली. दुसऱ्या दिवशी चेअरमन तणतणत आले. काकांनी त्यांना खुर्ची दिली. "साहेब, तुम्ही फाइलीत शाबूत आहात. फक्त तुमची की नाही."

मुलीच्या लग्नाची यादीही काकांनी क्लिपरमध्येच केली. आचाऱ्याने विचारलं, "पानं किती धरू?" काकांनी त्यालाही तेच विचारलं, "रेकॉर्ड की की?" तो म्हणाला, "भात लावायचाय, काका." मग काकांनी एक आकडा सांगितला.

यादीत साडूंच्या नावावर फुली होती. जमिनीच्या वादावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. अक्षता पडायच्या वेळेला तेच साडू मांडवाच्या दारात उभे! काकूंनी काकांकडे पाहिलं. काका पुटपुटले, "रिकॉल," आणि पुढे होऊन त्यांनी साडूंचा हात धरला. "या, या. उशीर केलात."

रात्री काकूंनी विचारलं, "यादीतून काढलं होतंत ना त्यांना?"

"फुली मारली होती," काका म्हणाले. "पॅक कुठे केलं होतं?"

शेवटच्या पंगतीत एक पान कमी पडलं. काकांनी आचाऱ्याला आकडा इंडेक्सवरून दिला होता.