अक्काची यॉर्कशायर परिक्रमा

धबधबा बघायला तिकीट आहे म्हटल्यावर अक्का गाडीतून उतरेचना. "पाणी वरून पडतंय ते देवाचं. मधल्यामधे पैसे घेणारे हे कोण?" हा तिचा सवाल. इंगलटनच्या पार्किंगमधे त्याला उत्तर द्यायला कुणी नव्हतं. तिच्या भाच्यानं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, मुकाट्यानं कार्ड टेकवलं. पौंडाचे रुपये करायचे नाहीत अशी सूनबाईंची सक्त ताकीद होती. अक्कानं ते मनातल्या मनात केले आणि मग एकदम उतरली. एवढे पैसे गेलेत म्हटल्यावर आता दगडन् दगड वसूल करणं आलं.

"बाबा, अगदी सोपी वाट आहे," असं चिरंजीव लीड्सपासून सांगत होते. इंगलटन हे यॉर्कशायरच्या पश्चिम टोकाचं गाव. पाठीशी ७२३ मीटरचा इंगलबरो डोंगर, आणि गावात दोन नद्या येऊन मिळतात, ट्विस आणि डो. पुढे त्यांची ग्रेटा होते. एका नदीच्या काठानं चढायचं, वरच्या गल्लीतून आडवं जायचं आणि दुसरीच्या काठानं गावात उतरायचं, असा साधारण सात किलोमीटरचा फेरा. हा फेरा १८८५ साली खुला झाला. गावकऱ्यांनी घळीतून वाटा काढल्या, पूल टाकले आणि आगगाडीनं पाहुणे आणले. ब्रॅडफर्ड-मँचेस्टरच्या गिरण्यांतले लोक सुटीला डबे भरभरून यायचे. प्रवासी गाडी १९५४ मधे बंद पडली. अकरा कमानींचा तिचा पूल अजून गावावर उभा आहे, वरून काहीच जात नाही. धबधब्याचं तिकीट मात्र चालू आहे.

'फेरा' हा शब्द कानावर पडताच अक्काच्या चेहऱ्यावर तेज आलं. तिची नर्मदा परिक्रमा झालेली आहे, बसनं का होईना. परिक्रमेचे नियम तिला तोंडपाठ. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही. ट्विस निघाली ती नेमकी उजव्या हातालाच. "बघा," अक्का म्हणाली, "इंग्रजांनाही कळतं."

पहिली घळ स्विला ग्लेन. ओक, अ‍ॅश, दगडांवर बोटभर शेवाळ, आणि मे महिना असल्यानं सगळ्या रानाला लसणाचा वास. रानलसणीची पांढरी फुलं झाडांखाली पसरली होती. अक्कानं एक पान चुरगळून हुंगलं, "चटणी होईल" असा निकाल दिला आणि पिशवी उघडली. हे रान संरक्षित आहे, इथलं पानही तोडायचं नसतं, हे सूनबाईंनी तिला अतिशय मऊ आवाजात सांगितलं. पिशवी मिटली. पान मात्र पदरातच राहिलं.

पुढे वाटेच्या कडेला आडवे पडलेले ओंडके, आणि त्यांत ठोकलेली नाणी. एकदोन नव्हेत, हजारो. खवल्यांसारखी एकावर एक, दगडानं ठोकून ठोकून वाकलेली, काही हिरवी पडलेली. नवस म्हणून म्हणे. गोदावरीच्या पुलावर गाडी आली की आपण खिडकीतून नाणं टाकतो, त्याला अडाणीपणा म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना इथं आणून उभं करायला हवं. अक्कानं कनवटीचा जुना, जाड पाचाचा ठोकळा काढला आणि एका सभ्य गोऱ्या आजोबांकडून दगड मागून घेतला. खुणांनी. राणी एलिझाबेथच्या शेजारी आपले सिंह जाऊन बसले.

आणि मग पूल आला.

अक्का थबकली. मागे माणसं तुंबली. इंग्रज माणूस रांगेत उभा राहिला की तक्रार करत नाही, हवेविषयी बोलतो, तसे ते बोलू लागले. "अगं आत्या, ही नर्मदा नाही," भाचा म्हणाला. "नदी ती नदी," अक्का म्हणाली. शेवटी मी तोडगा काढला: पाच रुपये आत्ताच भरलेत, त्यात ओलांडण्याचं प्रायश्चित्त आलं. तिला ते पटलं. पण ट्विसवर असे तीन पूल आहेत हे चिरंजीवांनी तेव्हा सांगितलं नाही, आणि तिसऱ्यापाशी अक्कानं पाच गुणिले तीन असा हिशेब मागितला.

पेक्का धबधब्यांपासून पायऱ्या सुरू होतात. सोपी वाट ती हीच. आख्ख्या फेऱ्यात पायऱ्या हजाराच्या घरात आहेत, ही माहिती मला वर टपरीवर चहा हातात आल्यावर मिळाली. तोवर माझ्या गुडघ्यांनी ती स्वतंत्रपणे मिळवली होती.

थॉर्न्टन फोर्स हा या वाटेचा मानकरी. उंची १४ मीटर. "एवढाच?" अक्का म्हणाली. आषाढात ताम्हिणीत एवढ्या धबधब्यांना कुणी नावंही ठेवत नाही, हे खरंच. पण इथं पाणी बघायचं नसतं, दगड बघायचा असतो. वर चुनखडीचे थर आडवे, फळीवर फळी ठेवावी तसे. खाली त्याहून जुनी स्लेट, जवळजवळ उभी. दोहोंच्या मधे किमान दहा कोटी वर्षांची नोंदच नाही. चुनखडी साधारण ३३ कोटी वर्षांपूर्वीची, आणि आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटींचा. मी हे सगळं अक्काला समजावलं. तिनं त्या सांध्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "दहा कोटींचा हिशेब गायब? आपल्या सोसायटीचा जुना सेक्रेटरी इथं आला होता की काय?"

पुढची ट्विसल्टन गल्ली म्हणजे दगडी कुंपणं, मेंढ्या आणि वारा. डोच्या काठानं उतरताना बॅक्सनघिलची घळ आणि बीझली, स्नो फॉल्स असे धबधबे येत राहतात. ते सुंदर आहेत. गुडघ्यांमुळे मी त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं.

जाणार असाल तर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा, पाणी भरपूर असतं. तळ घट्ट धरणारे बूट घाला, ओली स्लेट बुळबुळीत असते. ट्विसकडून चढा, डोकडून उतरा. बाण तसेच आहेत, उलटे निघालात तर सगळी गर्दी तोंडावर येते. आणि वाट सोपी आहे असं कुणी सांगितलं, तर आधी त्याचं वय विचारा.