संध्याकाळी घरी, आणि रात्री?

लायपोसक्शनच्या जाहिराती 'सकाळी या, संध्याकाळी घरी जा' असं सांगतात. त्या रात्रीबद्दल त्यात चकार शब्द नसतो. धोका तर रात्रीही असतो.

चरबी ओढून काढण्याआधी कातडीखाली मिठाचं पाणी भरतात. त्यात बधिर करणारं लिडोकेन आणि रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ॲड्रेनलिन असतं. जेफ्री क्लाइन या अमेरिकी डॉक्टरांनी १९८०च्या दशकात ही पद्धत रुळवली आणि रक्त जाणं खूप कमी झालं, हे नाकारायचं कारण नाही. पण हे लिडोकेन चरबीतून सावकाश रक्तात उतरतं. रक्तातलं त्याचं प्रमाण सगळ्यात वर जातं ते साधारण १० ते १४ तासांनी, म्हणजे सकाळी टेबलावर असलेली बाई घरी अंथरुणावर पडलेली असते तेव्हा. मात्रा जास्त झाली असेल तर ओठ बधिर होतात, कानात आवाज येतो, झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. पायातली रक्ताची गुठळी तर काही दिवसांनीही फुप्फुसात जाऊन अडकू शकते.

अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जननी दिलेल्या माहितीवरची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. जवळपास पाच लाख शस्त्रक्रिया, ९५ मृत्यू. म्हणजे सुमारे पाच हजारांत एक, आणि सर्वाधिक मृत्यू फुप्फुसातल्या गुठळीने. पुढे काळजी वाढली, धोका उतरला. पण तो काळजी घेणाऱ्यांकडे. कॅन्सरच्या ऑपरेशनला पाच हजारांत एक मृत्यू कोणीही पत्करील. धडधाकट माणसाच्या कंबरेसाठी तो मला मान्य नाही.

मे २०२२मध्ये बंगळूरुला कन्नड मालिकांतली अभिनेत्री चेतना राज चरबी काढायच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. वय २१. फुप्फुसात पाणी झाल्याचं बातम्यांत आलं. तिने आईवडिलांना सांगितलंही नव्हतं, असंही आलं. ही चोरी मला फार छळते. लठ्ठपणाची इतकी टिंगल आपण करतो, की पोरी ऑपरेशन लपवून करतात.

बरं, हाती काय लागतं? २००४मध्ये एका अमेरिकी अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांची प्रत्येकी सुमारे १० किलो चरबी काढली. तीन महिन्यांनी इन्सुलिनचं काम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, काहीच सुधारलं नव्हतं. मधुमेह-हृदयविकाराला जास्त कारण ठरणारी चरबी पोटात आतड्यांभोवती असते आणि तिथे चरबी ओढणारी नळी पोचवायचीच नसते. पोचलीच तर आतडं फाटतं. वजन उतरवायला हा उपाय नाही.

तरीही करायचंच असेल तर सवलतीचा दर विचारण्याआधी हे विचारा: सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा तत्सम पदवी आहे का? भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत थांबणार का? किती लिटर काढणार? पाच लिटरच्या पुढे काढणार असतील तर मुक्काम हवाच. अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का? उत्तर देताना कोणी चिडलं तर उठून या.

घरच्यांना आधी सांगा. नंतर दम लागला, छातीत दुखलं, एकच पोटरी सुजली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता मोठं रुग्णालय गाठा आणि लायपोसक्शन झालंय हे तिथे सगळ्यात आधी सांगा.