ट्यूबलाइटमधले शेठ

गाडी संध्याकाळी सातनंतरच तयार होते. सकाळी गेलात तर "क्लिअर ओला आहे", दुपारी गेलात तर "पोरगा जेवायला गेलाय, हँडल बसवायचं राहिलंय". मग दिवस मावळतो, शेडमधली एकुलती एक ट्यूबलाइट फडफडून लागते आणि डेंटिंग-पेंटिंगवाले शेठ ओल्या फडक्याने दार पुसत म्हणतात, "या साहेब! आता ओळखा बरं, कुठं लागली होती?" ओल्या पत्र्यावर, ट्यूबच्या उजेडात, कुठलाही रंग देखणाच दिसतो हे शेठना ठाऊक असतं. आपल्याला ते दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळतं, आणि आपल्याआधी वॉचमनला कळलेलं असतं.

शेठना लबाड म्हणणं अन्यायाचं होईल. पत्र्याच्या कामात त्यांना तोड नाही. टेम्पोने चेपलेलं दार ते आतून डॉली लावून, बाहेरून हातोडीने टिचक्या मारत असं काही वर आणतात की पाहत राहावं. डोळे मिटून तळहात फिरवतात आणि "इथं अजून अर्धा सूत आत आहे" असं सांगतात; ते खरं निघतं. घोडं अडतं ते रंगाशी. रंगकाम म्हणजे निम्मं थांबणं. पुट्टी सुकेपर्यंत थांबा, प्रायमर बसेपर्यंत थांबा, दोन हातांच्या मध्ये थांबा. शेठना थांबणं जमत नाही. ते फक्त गिऱ्हाइकाला थांबवतात.

तक्रार घेऊन गेलात तर ते चहा मागवतात आणि ऊन व दार यांच्या बरोबर मध्ये उभे राहतात. "कुठंय?" तुम्ही मान खांद्यावर टाकून तिरप्या नजरेने दाखवता: काचेसारखं सपाट दिसायला हवं त्या दारावर बारीक बारीक खळगे, संत्र्याच्या सालीवर असतात तसे. धंद्यात त्याला ऑरेंज पीलच म्हणतात. रंग घट्ट कालवला, गन लांबून धरली किंवा हवेचा दाब कमी पडला, की रंग पसरायच्या आत सुकायला लागतो. शेठ अंगठ्याला थुंकी लावून तिथे घासतात, अंगठा निरखतात (दाराऐवजी अंगठा का, ते विचारू नये) आणि म्हणतात, "हे होय? कंपनीचाच असा येतो." पंचाईत अशी, की हे अर्धं खरं असतं. कारखान्यातून आलेल्या गाडीवरही थोडी साल असतेच. शेठचं प्रत्येक विधान असं अर्धं खरं असतं, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नाही.

रंगाच्या छटेचंही तेच. "शेठ, दार फेंडरपेक्षा काळपट दिसतंय." "मेटॅलिक आहे, साहेब. इकडून बघा." तुम्ही इकडून बघता, तर दार फेंडरपेक्षा उजळ! रंगातले अॅल्युमिनियमचे कण कसे निजले त्यावर छटा ठरते, आणि ते गन धरणाऱ्याच्या हातावर अवलंबून. वर "मॅचिंग कॉम्प्युटरवर केलंय" हे असतंच. कॉम्प्युटर गाडीच्या कलर कोडवरून तिचा जन्माच्या वेळचा रंग सांगतो. त्यानंतर आठ वर्षं ती तुमच्या बिल्डिंगबाहेर उन्हात तापत उभी होती, हे त्याला कोण सांगणार?

हवामान कायम शेठच्या विरोधात असतं. पावसाळ्यात दमट हवेने क्लिअरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, पांढुरकी झाक येते. उन्हाळ्यात धूळ बसते. थंडीत रंग लवकर सुकत नाही, ओघळतो. राहता राहिली दिवाळी, तर दिवाळीत शेड बंद.

महिन्याभराने पुट्टी आकसते आणि तिच्या कडा रंगाखालून नकाशासारख्या उमटू लागतात. मग एखादे निवृत्त इंजिनिअर काका फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात घालून येतात. पत्र्यावर ते घट्ट बसतं, पुट्टीचा थर जाड असला की निसटतं. काकांचं चुंबक दारावरून घसरून खाली पडतं. शेठ वाकून ते उचलतात, तळहातावर तोलून पाहतात आणि अदबीने परत देतात. "काका, हे हलकं आहे."

हेच शेठ विम्याचा सर्व्हेअर आल्यावर पाहावेत. एरवी ज्यांना नाकासमोरचा ओघळ दिसत नाही, त्यांना बंपरवरचा केसाएवढा ओरखडा दहा फुटांवरून दिसतो. रंगाच्या एकत्रित बिलातला 25 टक्के हिस्सा मालाचा धरायचा आणि साध्या पॉलिसीत त्यातला निम्मा घसाऱ्यात कापायचा, प्लॅस्टिकच्या भागाला 50 टक्के घसारा, हे सगळं त्यांना पाढ्यासारखं पाठ असतं. त्या दिवशी शेठ उन्हाच्या आड येत नाहीत. उलट सर्व्हेअरसाहेबांचा दंड धरून त्यांना योग्य कोनात उभं करतात.

तुम्ही फारच चिवट निघालात, तर "एक हात मारून देतो". म्हणजे 1500 आणि 2000 नंबरचा पेपर पाण्यात भिजवून घासायचा, वर रबिंग कंपाउंड आणि बफिंग. क्लिअरचा थर पुरेसा असेल तर धुळीचे कण आणि साल यानं खरंच जाते. नसेल तर क्लिअरच जातो, आणि मग दार पुन्हा रंगवावं लागतं. पोरगा मशीन लावतो, पांढरे शिंतोडे काचेच्या रबरात कायमचे जाऊन बसतात, दार चकाकतं. आणि चकाकल्यामुळे शेजारचं फेंडर एकदम जुनाट दिसू लागतं.

शेठ दोन पावलं मागे सरतात. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर आठी येते.

"साहेब, खरं सांगू? दारात काही प्रॉब्लेम नाही. तुमचं फेंडर उतरलंय."

"पण फेंडरला काही झालंच नव्हतं!"

"तेच तर. फेंडर आणि मागचं दार पण मारून टाकू. पूर्ण साइड एकसारखी दिसेल."

आपण फेंडरकडे पाहतो. खरंच उतरल्यासारखं दिसतं.

"किती होतील?"

"तुमच्याकडून काय जास्त घेणार? गाडी सोमवारी टाका," शेठ म्हणतात, "गुरुवारी संध्याकाळी सातला घेऊन जा."