रकानेवाली पोपो

ग्वांगझोच्या जुन्या वस्तीत सकाळी कुठल्याही चहाच्या हॉटेलात शिरा, कोपऱ्यातल्या गोल टेबलाशी एक पोपो हमखास दिसणार. पोपो म्हणजे आजी. स्वतःची नातवंडं असोत नसोत, अख्ख्या गल्लीची आजी. समोर कोंबडीच्या पायांची वाफाळती टोपली आणि नजर आत येणाऱ्या बायकांच्या पोटावर. सुटलेलं पोट कुठलं आणि दिवस गेलेलं कुठलं, हे तिला दारातच कळतं.

मग पिशवीतून तक्ता निघतो. प्लास्टिकमध्ये घातलेला, घडीवर चिकटपट्टी मारलेला. डावीकडे आईचं वय, अठरा ते पंचेचाळीस. वर गर्भ राहिल्याचा महिना, एक ते बारा. एकूण ३३६ रकाने. एक बोट डावीकडून निघतं, एक वरून उतरतं, दोन्ही भेटतात तिथे निकाल: मुलगा की मुलगी. चौतीस वयाच्या ओळीवर सोया सॉस सांडलाय. त्या वयाच्या बायकांना ती आंबट खावंसं वाटतं की तिखट, एवढंच विचारते. आंबट म्हटलं की मुलगा, तिखट म्हटलं की मुलगी.

हा तक्ता म्हणे सातशे वर्षांपूर्वी छिंग राजांच्या थडग्यात पुरलेला होता. आता छिंग घराणं बीजिंगच्या गादीवर बसलं १६४४ साली. सातशे वर्षांपूर्वी तिथे मंगोलांचं राज्य होतं. असं काही बोलणाऱ्याकडे पोपो, याला बाळंतपणातलं काय कळतंय, अशा नजरेने बघते.

खरी मजा मात्र उलटतपासणीत.

“वय?”

“सव्वीस.”

“चूक!”

जुन्या चिनी हिशोबात मूल जन्मतःच एक वर्षाचं, आणि पुढचं वर्ष वाढदिवसाला नाही, चांद्र नववर्षाला चढतं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी जन्मलेलं पोर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन वर्षांचं! त्यामुळे सव्विशीची बाई सत्तावीस नाहीतर अठ्ठावीस. मग महिना, तोही चांद्र. त्यात आपल्यासारखा त्यांच्याकडेही अधिक महिना येतो. २०२३ साली आपला अधिक श्रावण होता, त्यांचा अधिक दुसरा. गर्भ नेमका अधिकात राहिला असेल तर पोपोच्या अंगातच येतं. “पहिला पंधरवडा की दुसरा? कुठली रात्र?” भर हॉटेलात. नवरा बिचारा खाली मान घालून डंपलिंग मोजत बसतो. त्याला कोणी काही विचारत नाही, कारण तक्त्यात बापाला रकानाच नाही. मुलगा की मुलगी हे त्याच्याकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं, ही बातमी तक्त्यापर्यंत अजून पोचलेली नाही.

निकाल चुकला तर? चुकतच नाही. मुलगी सांगून मुलगा झाला, तर आईने तारीख चुकीची सांगितली. संशोधकांनी स्वीडनमधल्या १९७३ ते २००६ या काळातल्या सुमारे २८ लाख जन्मांना हा तक्ता लावून पाहिला आणि २०१० साली निष्कर्ष छापला: छापा-काटा करून जेवढं जमतं तेवढंच. पोपोचा सवाल एकच: “त्या बायकांनी वय तरी खरं सांगितलं होतं का?” आणि निम्मे अंदाज खरे ठरले तरी तिचं भागतं. ज्यांचं जुळलं ते बाळाचा महिना भरला की लाल रंगवलेली अंडी घेऊन येतात. ज्यांचं चुकलं त्यांना तान्ह्या बाळापुढे भांडायला सवड कुठे?

एकाच मुलाची सक्ती होती तेव्हा मात्र हा खेळ नव्हता. ‘मुलगी’ निघाली की टेबलावरचे चेहरे उतरत. गर्भाचं लिंग सांगायला बंदी घालणारा कायदा चीनने १९९४ साली केला. भारत सरकारचाही त्याच वर्षीचा. दवाखाना गप्प बसला की तक्त्यांना कंठ फुटतो, तिकडेही आणि इकडेही. त्या वर्षांत तिने कोणाला काय सांगितलं, हे विचारलं की पोपो चहा ओतायला लागते.

हल्ली धंदा बसलाय. २०१६पासून दोन मुलांना परवानगी, २०२१पासून तीन, पण पोरी लग्नालाच उभ्या राहत नाहीत. पोपोची भाची तिशीची. फ्लॅटमध्ये ती आणि तिची मांजर. परवा तिने मांजर गाभण असल्याचं सांगितलं. पोपोने चष्मा चढवला.

“वय?”

“दोन.”

“म्हणजे तीन.” बोट तक्त्यावर वर वर सरकलं आणि अठराशी अडलं. पोपोने तक्त्याची घडी घातली. “फार घाई केलीन तिने.”