वर्षाचं तिखट

एप्रिल लागला की पेठांतल्या उरल्यासुरल्या गच्च्यांवर लाल मिरची पसरते. रंगाला ब्याडगी, झणक्याला लवंगी, असा घरोघरचा ठरलेला हिशेब. कांडपाला देण्याआधी देठं खुडायची असतात आणि त्यासाठी रिकामटेकडं कुणी सापडत नाही.

आत्याबाई हाताला गोडेतेल चोळून बसतात. सूनबाई हातमोजे घालतात, तेही केसांच्या डायच्या पाकिटातून निघालेले. ते कुणी टाकलेले नसतात. पुण्यात काही टाकायची पद्धत नाही. कागदापेक्षा पातळ असल्यामुळे ते अंगठ्याशी हटकून फाटतात आणि तासाभराने आग नेमकी तिथेच होते.

मग सगळे नळाकडे धावतात. नळ इथे काही कामाचा नाही. आग लावणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळपास नाहीच. म्हणून आधी पुन्हा तेल, मग साबण, आणि हाच क्रम दोनदा. डोळ्याला मात्र तेलबिल काही नाही, वाहतं पाणीच. लेन्सवाल्यांनी तर मिरचीला हात लावण्याआधीच लेन्स काढून ठेवलेली बरी. आणखी एक बिचाऱ्या बियांच्या बाजूने सांगायला हवं: खरा जाळ त्यांच्यात नसतो, त्या ज्या पांढऱ्या शिरेला चिकटतात तिच्यात असतो. भरल्या मिरचीतून ती शीर काढली की पाहुणे जेवणभर बोलते राहतात.

गंमत म्हणजे भाजलेलं काहीच नसतं. साधारण 43 अंशांच्या पुढची उष्णता ओळखणारं एक द्वार आपल्या नसांत आहे. पुण्याचा एप्रिलसुद्धा सहसा तिथवर जात नाही. कॅप्सेसिन ते गार खोलीतही उघडतं, आणि मेंदू बिचारा खरं मानून घाम काढतो. डेव्हिड ज्युलियस यांनी हे द्वार मिरचीच्याच मदतीने शोधलं. 2021 च्या नोबेलचे ते एक मानकरी. पक्ष्यांचं हे द्वार मिरचीला दाद देत नाही, म्हणून पोपट लवंगी खाऊनही विठू विठू करत बसतो.

जिभेचा इलाज दूध, दही, ताक. त्यातलं केसीन कॅप्सेसिनला धरून खाली नेतं. मिसळीच्या अनेक दुकानांत सॅम्पल पुन्हा मागितलं तर फुकट मिळतं, ताकाचे मात्र पैसे पडतात. हे गणित ज्याने पहिल्यांदा बसवलं, त्याला नोबेलवाल्यांकडून शिकण्यासारखं फारसं उरलं नसावं.